कापलेल्या वेलींची तहान: मखर, तोरण आणि फुलांच्या सजावटीत वेली ताज्या कशा ठेवाव्यात

परळच्या आमच्या चाळीतल्या घरी मधुमालतीचा मखर बांधायचा हट्ट माझाच होता. हरतालिकेच्या दुपारी वसईच्या मामांच्या कुंपणावरून आठ-आठ फुटांच्या लांब वेली कापल्या, गोणीत भरल्या आणि लोकलच्या दाराशी उभी राहून घरी आणल्या. रात्री त्या बांबूच्या चौकटीला सुतळीने आवळून बांधल्या. मखर इतका देखणा दिसत होता की शेजारी बघायला आले. सकाळी प्राणप्रतिष्ठेच्या वेळी शेंडे खाली झुकले होते. दुपारच्या आरतीपर्यंत पानं चुरगळलेल्या कागदासारखी झाली. आईने काही न बोलता सगळं उतरवलं आणि आंब्याच्या डहाळ्या बांधल्या.

त्या दिवसापासून मी सजावट आखताना फुलांच्या आधी पाणी आखते. प्रत्येक वेलीचं कापलेलं टोक कुठे बुडणार आहे हे ठरल्याशिवाय चौकटीला एकही गाठ मारत नाही. पुढचं सगळं त्याच एका सवयीतून आलेलं आहे.

वेल इतक्या लवकर का मान टाकते

गुलाबाच्या दांडीपेक्षा वेलीची गोष्ट वेगळी आहे. वेलीला स्वतःचं वजन पेलायचं नसतं, दुसऱ्याच्या आधाराने चढायचं असतं. त्यामुळे तिचं खोड बारीक राहतं, पण त्यातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मात्र झाडांच्या मानाने रुंद आणि लांब असतात. काही वेलींत एकेक नळी मीटरभरापेक्षाही लांब जाते. जिवंत वेलीत पाणी या नळ्यांतून वर ओढलं जातं आणि ते सतत ताणाखाली असतं, ओढून धरलेल्या दोरीसारखं. आपण हवेत कात्री चालवली की तो ताण सुटतो, पाणी आत मागे सरकतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. मग टोक बादलीत ठेवलं तरी त्या नळीत हवेचं बूच बसलेलं असतं.

दुसरीकडे पानं थांबत नाहीत. पानांच्या पाठीवरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ जातच राहते. आठ फुटांच्या मधुमालतीला शेकडो पानं, आणि पाणी प्यायला तोंड एकच, तेही पेन्सिलीपेक्षा बारीक. म्हणजे कामं दोन आहेत: पिणं वाढवायचं आणि खर्च कमी करायचा.

तिसरा शत्रू म्हणजे जिवाणू. कापलेल्या टोकातून रस झिरपतो, बुडालेली पानं कुजतात, पाण्यात बुळबुळीत थर धरतो आणि तोच थर नळ्यांची तोंडं बंद करतो. मुंबईच्या दमट उकाड्यात हे एका दिवसात होतं. पाणी अजून स्वच्छ दिसत असतानाच देठाला बोट लावून पाहा. बुळबुळ लागली तर उशीर झालेला आहे.

कोणती वेल घ्यावी

सगळ्यात आधी प्रामाणिकपणे ठरवा की सजावट किती दिवस उभी राहायची आहे. दीड दिवसाचा गणपती आणि दहा दिवसांचा गणपती यांना एकच वेल चालत नाही.

दहा दिवसांसाठी मी डोळे मिटून मनीप्लांट घेते. पान जाड, वरून चकचकीत, आणि प्रत्येक गाठीला मुळाचा कोंब तयार असतो. साध्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. त्याचा चीक मात्र अंगाला खाजतो आणि पोटात गेला तर तोंड भाजल्यासारखं होतं. लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात तो उंचावरच ठेवा.

गुळवेल ही माझी दुसरी आवडती. तिला अमृता म्हणतात. तोडून कुंपणावर टाकलेली गुळवेल दिवसेंदिवस हिरवी राहते, पुन्हा मुळं सोडते. हृदयाच्या आकाराची तिची पानं मखराच्या कमानीवर फार शोभतात. नागवेलही टिकाऊ आहे. वसई आणि केळवे-माहीमच्या पट्ट्यात पानमळे आहेत, तिथे ओळख असेल तर सुट्या पानांऐवजी वेलीचा तुकडा मागून पाहा. शतावरीची बारीक पालवीही चांगली टिकते, फक्त काटे सांभाळा.

मधुमालती सुंदर, पण तहानलेली. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात, मग लाल. त्यामुळे कळ्यांचे घोस घेतले तर घरातच हा रंगबदल पाहायला मिळतो. दीड दिवसाच्या गणपतीला ती जरूर वापरा, पाच दिवसांसाठी मधे एकदा बदलायची तयारी ठेवा. गोकर्ण आणि कृष्णकमळाची फुलं एका दिवसाची पाहुणी. ती पूजेला वाहावीत, सजावटीचा भार त्यांच्यावर टाकू नये.

बोगनवेलीचं एक गुपित आहे. तिचा रंग फुलांचा नसून फुलांभोवतीच्या कागदी पानांचा असतो. हिरवी पानं जवळजवळ सगळी काढून टाका, सगळं पाणी त्या रंगीत पानांना मिळतं आणि फांदी टिकते. पानांसकट ठेवलेली बोगनवेल संध्याकाळपर्यंत मरगळते.

गौरीच्या वेळी बाजारात 'गौरीचे हात' म्हणून कळलावीची फुलं येतात. लाल-पिवळी, ज्वाळेसारखी, पानाच्या टोकाला दोऱ्यासारखा ताणा. कापल्यावर ती छान टिकतात. पण कळलावी विषारी आहे, तिचा कंद तर अतिशय. हात धुवा, आणि नैवेद्याच्या ताटाजवळ ती ठेवू नका.

गणेशवेल कापूच नका, असं मी सगळ्यांना सांगते. तिची पानं इतकी नाजूक असतात की कापल्यावर काही तासांत ती गळून पडते. जूनच्या पहिल्या पावसात कुंडीत चार बिया पेरा, वर सुतळी बांधून द्या, आणि चतुर्थीला आख्खी कुंडी मखरामागे ठेवून वेल पुढे वळवा. लाल चांदण्यांची ती वेल मुळांसकट आली तर दहा दिवस रोज नवी फुलं देते.

आणताना

दादर पश्चिमेच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत जायचं तर पहाटेच. उजाडेपर्यंत चांगला माल हलतो आणि उरलेला पंख्याच्या वाऱ्याखाली पडून असतो. मंडईबाहेर रस्त्याच्या कडेला पालघर-शहापूरकडून पत्री घेऊन येणाऱ्या बायका बसतात. रानातल्या वेली त्यांच्याकडे मिळतात आणि त्या आदल्या संध्याकाळी तोडलेल्या असतात. वेल घेताना शेंडा बघा, खालची पानं नको. शेंडा ताठ असेल तर वेल प्यालेली आहे. कापलेलं टोक तपकिरी आणि सुकलेलं असेल तर ती शिळी आहे. तरी पान जाड असेल तर घ्यायला हरकत नाही, पातळ पानाची असेल तर सोडून द्या.

स्वतःच्या कुंपणावरची वेल कापायची असेल तर भल्या पहाटे कापा. रात्रभर रंध्रं बहुतेक मिटलेली असतात आणि मुळांनी पाणी चढवलेलं असतं, त्यामुळे वेल सगळ्यात भरलेली असते. दुपारी बाराला कापलेली वेल आधीच तहानलेली असते. माझी पहिली चूक तीच होती.

दुसरी चूक होती लोकलचं दार. सुसाट वारा पानांतलं पाणी पिळून काढतो. टोकांना ओला कापूस, वरून प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड, मग सगळी मोळी ओल्या गोणपाटात किंवा जुन्या ओल्या चादरीत गुंडाळा. डब्यात आत, खाली ठेवा. रिक्षात असाल तर पायाशी.

घरी आल्यावरचा पहिला तास

आधी बादल्या, मग चहा. बादली प्लॅस्टिकची, साबणाने घासून विसळलेली. कालच्या फुलांची बादली तशीच वापरली तर कालचे जिवाणूही येतात.

पहिलं काम छाटणीचं. धारदार कात्री किंवा ब्लेड लागेल. बोथट कात्री देठ कापत नाही, चेपते, आणि चेपलेल्या नळ्या पाणी ओढत नाहीत. त्याच कारणाने देठाचं टोक हातोडीने ठेचायचा जो जुना सल्ला आहे तो मानू नका.

परातीत पाणी घ्या, वेलीचं टोक त्यात बुडवा आणि पाण्याच्या आतच चार-पाच सेंटीमीटर तिरकं कापा. पाण्यात कापल्याने नवी हवा आत जात नाही. तिरकं कापल्याने टोक बादलीच्या बुडाला सपाट चिकटून बसत नाही. कापल्यावर टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला असतानाच ते बादलीत टाका.

आता लांबीचा निर्णय. आठ फुटांची अखंड वेल मोहात पाडते. पण नळीत शिरलेली हवा टोकापासून खूप वर जाते आणि पाच सेंटीमीटर छाटून ती सगळी निघत नाही. म्हणून मी बहुतेक वेलींचे दीड हाताचे तुकडे करते, म्हणजे साठ-सत्तर सेंटीमीटरचे. प्रत्येकाला स्वतःचं पाणी. एकाचा शेंडा दुसऱ्याच्या बुडावर टाकला की लांबून अखंड वेलच दिसते. मनीप्लांट आणि गुळवेल यांना ही अट नाही, त्या लांब ठेवल्या तरी चालतात.

मग पानं. पाण्याखाली जाणारं प्रत्येक पान काढा. पातळ पानांच्या वेलीची पाण्यावर राहणारी एक तृतीयांश तरी पानं कमी करा, विशेषतः जी मागे भिंतीकडे जाणार आहेत ती. अगदी कोवळा, फिकट हिरवा शेंडाही चार बोटं खुडा. तो सगळ्यात आधी मान टाकतो आणि त्याच्यामुळे पूर्ण वेल कोमेजलेली वाटते.

चीक गळणाऱ्या वेली, जसं पिवळा अलमंडा, वेगळ्या बादलीत. चीक सुकून टोकाचं बूच होतो आणि पाण्यात मिसळून इतरांचंही तोंड बंद करतो. अशा वेलीचं टोक अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरा, वाफ पानांना लागू नये म्हणून वरचा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून. मग नेहमीच्या पाण्यात ठेवा.

पाणी कसं करावं

मुंबईच्या नळाला येणारं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, म्हणून मऊ आहे आणि या कामाला चांगलं आहे. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी टाळा. पाणी कोमट असावं, हाताला सुखद लागेल इतकंच. कोमट पाणी जास्त पातळ वाहतं आणि त्यात विरलेली हवाही कमी असते, म्हणून वेल ते पटकन ओढते.

दहा लिटरच्या बादलीला कपडे पांढरे करायचं साधं, सुगंध नसलेलं ब्लीच दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे दहा मिलिलिटर. ते पाण्यात नीट ढवळून झाल्यावर मग तीन लिंबांचा गाळलेला रस. क्रम महत्त्वाचा आहे: ब्लीच आणि लिंबू पाण्याशिवाय एकमेकांत कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीत भरतो. ब्लीच जिवाणू रोखतं. किंचित आंबट पाणी देठातून सहज चढतं. रस गाळायचा तो गर पाण्यात कुजू नये म्हणून.

साखर फक्त कळ्यांच्या वेलीला, म्हणजे मधुमालती, जाई, जुई यांना. लिटरला दोन चहाचे चमचे पुरे. नुसत्या पानांच्या वेलीला साखर घालणं म्हणजे जिवाणूंना जेवण वाढणं. आणि हे मिश्रण तांब्या-पितळेच्या भांड्यात करू नका, धातू काळवंडतो. कलशात साधं पाणी ठेवून ते रोज बदला.

रात्रभराची विश्रांती

ही पायरी लोक गाळतात आणि सगळं इथेच फसतं. वेलीला पाणी भरून घ्यायला वेळ हवा. कमीत कमी चार तास, खरं तर पूर्ण रात्र.

जाड, गुळगुळीत पानांच्या वेली आधी अर्धा तास टबात पूर्ण बुडवा. मनीप्लांट, नागवेल आणि आयव्ही ही विलायती वेल यांना हे मानवतं, पानंही थोडं पाणी घेतात आणि धूळ निघते. तासापेक्षा जास्त नको, नाहीतर पानं पारदर्शक, भिजट दिसू लागतात. लव असलेल्या पानांना ही आंघोळ घालू नये.

मग वेली खोल बादलीत, निम्म्या देठापर्यंत पाण्यात, घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. चाळीतल्या खोलीत हा कोपरा म्हणजे मोरी. पंखा बंद. वरून ओलसर वर्तमानपत्राची सैल टोपी. अंधारात रंध्रं मिटतात, खर्च थांबतो, भरणा चालू राहतो.

एक बारकावा मला फार उशिरा कळला. पाणी प्यालेली वेल ताठ होते आणि तिचा कोवळा भाग वाकवताना कट्‌कन मोडतो. शिवाय शेंडे रात्रभरात वरच्या दिशेला वळतात. म्हणून कमानीसाठी हवी असलेली वेल बादलीऐवजी पाणी भरलेल्या घमेल्यात कडेने गोल वळवून ठेवा. सकाळी ती त्या वळणातच ताठ झालेली मिळते.

गणपतीत रात्रीऐवजी दिवसभराची विश्रांती मिळते, तेव्हा हिशोब असा बसतो: हरतालिकेच्या पहाटे खरेदी, दिवसभर बादलीत, रात्री उशिरा बांधणी. चतुर्थीला पहाटे फक्त हार आणि दूर्वा राहतात.

सजावटीत पाणी लपवणं

महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या मखरावर बंदी आहे, तेव्हा चौकटी आता बांबू, लाकूड, कापड किंवा पुठ्ठ्याच्या असतात. पुठ्ठा असेल तर गळती सगळ्यात मोठा धोका.

झाकणाला छिद्र असलेल्या फुलांच्या पाणीनळ्या दादरला सजावटीच्या सामानात मिळतात. औषधाच्या रिकाम्या, नीट धुतलेल्या छोट्या बाटल्याही चालतात, ज्यांचं रबरी झाकण भोसकून देठ आत घालता येतो. नळी उभी किंवा तिरकी बांधा, तोंड वर. देठाचं टोक नळीच्या तळापर्यंत गेलं पाहिजे. वरच्या वर अडकलं तर अर्धं पाणी संपताच वेल उपाशी राहते. छोटी नळी मधुमालतीसारखी वेल अर्ध्या दिवसात पिऊन टाकते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने किंवा सुईशिवायच्या सिरिंजने भरावीच लागते.

मला त्याहून आवडतो तो केळीचा खुंट. घड उतरवल्यावर तोडलेलं केळीचं खोड पाण्याने गच्च भरलेलं असतं. त्याचे हातभर तुकडे मखराच्या पायाशी आडवे ठेवा, जाड सुईने भोक पाडा आणि गुळवेल, शतावरी, कळलावी यांचे देठ त्यात खोल रोवा. खाली ताट ठेवा, रस झिरपतो आणि त्याचे डाग कपड्यावरून जात नाहीत. तीन दिवसांनी खुंट बदलावा. भिजवलेला काथ्याही पाणी धरतो: देठाच्या टोकाभोवती मूठभर काथ्या, वरून केळीचं सोपट, सुतळीची गाठ, आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं.

देठ रोवायचा हिरवा स्पंज, म्हणजे फ्लोरल फोम, मी वापरत नाही. तो पाणी धरतो खरा, पण कुजत नाही आणि त्याचा चुरा बारीक प्लॅस्टिक होऊन निर्माल्यात मिसळतो. वापरायचाच असेल तर पाण्यावर सोडून स्वतःहून बुडू द्या. हाताने दाबलात तर आत हवेचे कोरडे गोळे राहतात आणि नेमका तिथे रोवलेला देठ सुकतो.

जागा निवडताना चार गोष्टी टाळा: पंख्याची थेट हवा, एसीचा झोत, तापणारे हॅलोजन दिवे आणि समईच्या वरची ऊब. पाचवी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पिकलेली केळी. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने पानं पिवळी पडून गळतात आणि कळ्या न उमलताच झडतात. फळांचं ताट बाप्पासमोर असावं, पण वेलींपासून दोन हात दूर, आणि जास्त पिकलेली फळं प्रसादात लवकर वाटून टाकावीत.

रोजची निगा आणि कोमेजलेली वेल

पहाटेच्या पूजेआधी नळ्या भरा, पानांच्या पाठीवर बारीक फवारा मारा. फुलांवर नको, दमट हवेत पाकळ्यांना काळे डाग पडतात. विजेच्या माळा आधी बंद करा. पानं चमकावीत म्हणून खोबरेल तेल चोळू नका, रंध्रं बुजतात आणि धूळ चिकटते. दर दोन दिवसांनी जी टोकं हाताशी येतात ती बोटभर कापून घ्या. त्यासाठी बांधतानाच देठ चार बोटं जास्त ठेवलेला असावा.

वेलीने मान टाकली तर लगेच फेकू नका. सोडवून घ्या, पाण्याखाली पाच सेंटीमीटर कापा, पूर्ण वेल तासभर टबात बुडवा आणि मग अंधारात कोमट पाण्यात ठेवा. पान नुसतं लोंबत असेल तर दोन-तीन तासांत ती उठते. पानाची कड कुरकुरीत झाली असेल तर ती परत येणार नाही. मी रोज दोन-चार तुकडे बादलीत राखीव ठेवते, एक काढला की दुसरा चढवायचा.

ऋतू बदलला की हिशोब बदलतो. श्रावण-भाद्रपदात हवाच ओली असते, पानांचा खर्च कमी आणि कुजण्याची भीती जास्त, म्हणून पाणी बदलण्यावर भर. नवरात्र ते दिवाळी हा आपल्याकडचा ऑक्टोबरचा उकाडा: ऊन कडक, दुपारी पानं झपाट्याने सुकतात, तेव्हा पानांची छाटणी निम्म्यापर्यंत करा आणि दाराचं तोरण संध्याकाळीच लावा. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पण गार. लग्नाच्या मंडपाला बोगनवेल आणि नाताळला दारावर लावतात त्या पानांच्या चक्राला आयव्ही तेव्हा छान टिकते, फक्त समुद्राकडच्या वाऱ्याच्या बाजूला कापडाचा आडोसा हवा.

विसर्जनानंतर निर्माल्य कलशात टाकण्याआधी नळ्या, तारा, रबर सगळं काढून घ्या. नळ्या ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवून उलट्या वाळवल्या की पुढच्या वर्षी तयार. मनीप्लांटचे तुकडे मात्र कलशात टाकू नका. एक गाठ पाण्याखाली आणि दोन पानं वर राहतील असे कापून बरणीत ठेवा, पाणी दर चार दिवसांनी बदला. काही आठवड्यांत मुळं बोटभर लांब होतात, मग ते कुंडीत लावा. गुळवेलीचा अंगठ्याएवढा जाड तुकडा तर सरळ ओल्या मातीत खोचला तरी लागतो, फक्त वरचं टोक वरच राहील याची खूण कापतानाच करून ठेवा.